चाळीतल्या घराला किती केव्हीएचा स्टॅबिलायझर घ्यावा? (दीड टन एसी, फ्रिज, टीव्ही)

अबोली

नमस्कार मंडळी. धागा थोडा लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमका सल्ला मिळणार नाही म्हणून सविस्तर लिहिते.

आई-बाबा परळला आमच्या जुन्या चाळीत राहतात, तिसऱ्या मजल्यावर. बाबांना दमा आहे. एप्रिल लागला की रात्री झोप नाही, दोन-दोन तास गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. यंदा भावाने कांदिवलीच्या घरी नवीन स्प्लिट घेतला आणि त्याच्याकडचा दीड टनाचा विंडो एसी आम्ही इकडे आणून बसवला. मशीन चांगलं आहे, भावाकडे नऊ वर्षांत एकही तक्रार नव्हती.

इकडे मात्र पहिल्या दिवसापासून कटकट. एसी सुरू झाला की घरातली ट्यूब मंद होते, पंखा मरगळतो, आणि क्षणभराने पुन्हा सगळं ठीक. दहातून तीन-चार वेळा कॉम्प्रेसर नुसता घूं घूं करतो आणि बंद पडतो, मग काही मिनिटांनी आपणहून पुन्हा प्रयत्न करतो. बाबा म्हणतात, "राहू दे, नको तो एसी, लाइट जायची सगळ्यांची." ते ऐकवत नाही.

स्टॅबिलायझरची चौकशी केली. एक दुकानदार म्हणाला, दीड टनाला ४ केव्हीए, विचारूच नका. दुसरा म्हणाला, सुटे सुटे कशाला, सगळ्या घराला १० केव्हीएचा मेनलाइन लावून टाका, टीव्ही-फ्रिज सगळंच सुरक्षित. नात्यातल्या एकांनी सांगितलं की १३० ते ३०० व्होल्टवालाच घ्या, १७०वाला कमी ताकदीचा असतो. आता माझा गोंधळ असा आहे की हे ४ केव्हीए आणि हे १३० ते ३००, यात ताकद नेमकी कशाला म्हणायची?

घरात २४० लिटरचा जुना फ्रिज, ४३ इंची एलईडी टीव्ही आणि सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन आहे. कशाकशाला स्टॅबिलायझर लागेल आणि किती केव्हीएचा?

उपनगरी

आम्ही अंधेरीला. दीड टनाच्या स्प्लिटला ४ केव्हीए लावलाय, बारा वर्षं झाली, एसीला काही झालं नाही. जास्त विचार करू नका, घेऊन टाका. बाबांना लवकर आराम पडो.

सर्किट

अबोली, तुमच्या गोंधळाचं उत्तर आधी देतो, कारण बहुतेकांची गल्लत इथेच होते.

केव्हीए म्हणजे डबा (स्टॅबिलायझर) किती भार उचलू शकतो. १३० ते ३०० म्हणजे लाइन (घरात येणारं व्होल्टेज) किती खाली किंवा किती वर गेली तरी तो सांभाळून घेऊ शकतो. हे दोन वेगळे आकडे आहेत. १३०वाला डबा जास्त भार उचलतो असं अजिबात नाही. त्याच्या ट्रान्सफॉर्मरला जास्त टॅप आणि जास्त रिले असतात, म्हणून तो खूप खालच्या दाबालाही वर ओढू शकतो, एवढंच.

आतला मामला साधा आहे. एक ऑटो ट्रान्सफॉर्मर, त्याच्या वाइंडिंगमधून ठिकठिकाणी काढलेली टोकं (हेच टॅप), आणि लाइन बघून त्यातलं योग्य टोक जोडणारे रिले. टक टक आवाज येतो तो रिलेचाच. त्यामुळे बाहेर बरोब्बर २३० येत नाहीत, पायरीपायरीने २०० ते २४०च्या आसपास येतात, आणि एसी-फ्रिजला तेवढं पुरतं. बरोबर एकाच आकड्यावर दाब हवा असेल तर सर्वो लागतो, ज्यात छोटी मोटर कार्बन ब्रश फिरवत राहते. तो छापखान्यात, दवाखान्यातल्या यंत्रांना लावतात. घरात त्याची गरज नसते.

आता केव्हीएबद्दल. "दीड टनाला ४ केव्हीए" ही बाजारातली बोली आहे, हिशेब नव्हे. २३० व्होल्टला ४ केव्हीए म्हणजे गणिताने १७ अँपिअरच्या वर होतात. पण दीड टनासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक डब्यांच्या लेबलवर १२ अँपिअर लिहिलेले असतात. फसवणूक म्हणत नाही, कारण त्या एसीला १२ बहुधा पुरतात. पण तुम्ही केव्हीए बघून नको, लेबलवरचे अँपिअर बघून घ्या.

आणि वॅट बघूनही नको. मोटर असलेल्या यंत्रात वॅटपेक्षा व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) थोडा जास्त भरतो. एसीच्या बाजूला किंवा मागे पाटी असेल, त्यावरचे अँपिअर आणि वॅट इथे लिहा.

अबोली

धन्यवाद सर्किट! हे दोन वेगळे आकडे आहेत हे इतकं सोपं करून कुणीच सांगितलं नव्हतं.

पाटी पुसट आहे, मोबाइलच्या टॉर्चने वाचली: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, १८९० वॅट, ८.६ अँपिअर. फ्रिजवर ०.९ अँपिअर आहे. टीव्हीच्या मागे लिहिलंय १००-२४० व्होल्ट, ९० वॅट.

सर्किट

टीव्हीचा प्रश्न मग मिटलाच. १००-२४० लिहिलंय म्हणजे त्याचा पॉवर सप्लाय त्या टप्प्यात दाब कमी-जास्त झाला तरी स्वतःच सांभाळतो. स्टॅबिलायझर लावून काही मिळणार नाही. मोबाइलचा चार्जर, वायफायचा राउटर, लॅपटॉप यांच्या अडॅप्टरवर हेच आकडे दिसतील.

एसीचं गणित करू. २३०ला ८.६ अँपिअर. समजा तुमच्याकडे लाइन १७०ला आली, तर बाहेर २३० द्यायला डब्याला लाइनमधून ८.६ गुणिले २३० भागिले १७०, म्हणजे ११.६ अँपिअर ओढावे लागतील, वर त्याचा स्वतःचा थोडा खर्च. म्हणजे १२वाला अगदी काठावर, १५वाला आरामात. आणि तुमच्या नात्यातल्यांनी सांगितलेला १३०वाला डबा खरोखरच १३०ला चालायची वेळ आली, तर हाच आकडा १५च्या वर जातो, म्हणजे १६ अँपिअरच्या पॉवर प्लगची मर्यादा जवळजवळ गाठली. घरातली वायर तेवढं पेलणार आहे का, हा त्याच्यापुढचा प्रश्न.

तारकाका

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. अबोली, तुझं पहिलं लिखाण वाचलं आणि राहवलं नाही. पोरी, स्टॅबिलायझर घेऊ नकोस. निदान आज तरी नको.

मी पस्तीस वर्षं वायरमनचं काम केलं, त्यातली निम्मी लालबाग-परळ-भायखळ्याच्या चाळींत. तू लिहिलेली लक्षणं लाइन कमी असल्याची नाहीत. लाइन मुळात कमी असेल तर एसी बंद असतानाही कमीच दिसते. तुझ्याकडे एसी सुरू झाला की दिवे पडतात आणि लगेच वर येतात. विंडो एसीचा जुना कॉम्प्रेसर उठताना चालण्याच्या चार-पाच पट करंट मागतो, कधी त्याहूनही जास्त. तेवढा करंट वाहिला की वाटेत जिथे अडथळा आहे तिथे व्होल्ट पडतात. आता अडथळा कुठे आहे ते शोधायचं, आणि त्याला मीटरसुद्धा लागत नाही. नुसते डोळे लागतात.

पहिली गोष्ट बघ. तुझ्या घरातली ट्यूब मंद होते, म्हणजे बिघाड एसीच्या पॉइंटात किंवा त्याच्या वायरमध्ये नाही. तिथे असता तर फक्त एसी अडखळला असता, ट्यूब हलली नसती. बिघाड तुझ्या घरच्या बोर्डाच्या अलीकडे, मीटरच्या बाजूला कुठेतरी आहे.

दुसरी गोष्ट. एसी लावताना शेजारच्या घरात कुणालातरी उभं कर आणि त्यांची ट्यूब बघायला सांग. त्यांचीही पडली तर बिघाड सगळ्यांच्या सामाईक वायरिंगमध्ये किंवा येणाऱ्या लाइनमध्ये. त्यांची हलली नाही तर तुमच्या मीटरपासून तुमच्या दारापर्यंतच्या तुकड्यात.

मीटर खाली तळमजल्यावर आहे ना? घरातली मेन वायर कधी बदलली? जुनी अ‍ॅल्युमिनियमची आहे का?

अजून एक. प्लगमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो, लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडला कुठेही. तो आण आणि एसी बंद असताना, एसी सुरू होताना आणि एसी चालू झाल्यावर असे आकडे घे. सकाळी एकदा, रात्री साडेदहाला एकदा. मे महिन्यात रात्री सगळ्यांचे एसी चालू असतात, तेव्हाचा आकडा खरा.

आणि हे करेपर्यंत एसी लावून झोपू नका. बाबांना त्रास आहे हे कळतं, पण माझं ऐक.

उपनगरी

तारकाका, पण स्टॅबिलायझर लावला तर पडलेलं व्होल्टेज तो उचलेलच ना? वायर बदलायला भिंत फोडा, मालकाची परवानगी घ्या. त्यापेक्षा डबा स्वस्त नाही का पडत?

तारकाका

प्रश्न बरोबर आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

व्होल्ट वाटेत पडतात म्हणजे नाहीसे होत नाहीत, त्यांची उष्णता होते. समजा एसी चालू असताना तिच्याकडे २० व्होल्ट पडतात आणि करंट ८ अँपिअर आहे. २० गुणिले ८, म्हणजे १६० वॅट. तेवढी शेगडी तिच्या मीटरपासून दारापर्यंतच्या वायरीत रात्रभर पेटलेली आहे. पूर्ण वायरीत सारखी पसरली तर एक वेळ चाललं. पण ती सैल जोडात, किटकॅटच्या (पोर्सिलीनच्या जुन्या फ्यूजच्या) पितळी पत्तीत, एकाच बोटभर जागेत गोळा होते. पोर्सिलीन काळं पडतं, वायरीचं रबर पापडासारखं कडक होऊन फुटतं. जुन्या इमारतीत जिन्याखालची मीटरची जागा लाकडी फळ्यांची असते. मी स्वतः जळलेल्या फळ्या उतरवल्यात.

स्टॅबिलायझर घरात बसतो, बिघाडाच्या पलीकडे. तो पडलेले व्होल्ट उचलून एसीला देईल, एसी खूश, ट्यूब तशीच मंद. आणि त्या जोडावरचा ताण तिळभर कमी होणार नाही. दुखणं झाकलं जाईल आणि आग आतल्या आत चालू राहील. त्यात कॉम्प्रेसर उठताना डबा वरची पायरी लावतो, म्हणजे लाइनमधून अजून करंट ओढतो, लाइन अजून खाली येते, डबा आणखी वरची पायरी लावायला बघतो. टक टक टक टक ऐकलं असेल कुणीतरी. ती डब्याची खोड नव्हे, कच्च्या वायरीची तक्रार असते.

मुलुंडकर

तारकाकांना शंभर टक्के अनुमोदन. आमच्या सोसायटीतला प्रसंग सांगतो, कारण तिथेही लोक "स्टॅबिलायझर असता तर" म्हणत होते.

दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या घरातले दिवे एकदम पांढरेफटक झाले, पंखा भणाणला, आणि टीव्हीच्या मागून जळका वास. त्याच वेळी समोरच्या घरात दिवे मिणमिणत होते. मीटर रूममध्ये सोसायटीच्या मुख्य जोडणीतला न्यूट्रल (परतीची वायर) सुटला होता. तीन फेज, न्यूट्रल नाही, म्हणजे घरं एकमेकांच्या मालिकेत आली. ज्या फेजवर भार कमी त्या घरांवर व्होल्टेज चढलं. आमच्या मजल्यावर तीन टीव्ही आणि एका वॉशिंग मशीनचं कार्ड गेलं.

दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास असतात. त्या दिशेने लाइन चढली की टीव्हीवरच्या १००-२४०ला काही अर्थ उरत नाही, आणि साधा स्टॅबिलायझरही त्याच्या वरच्या मर्यादेपलीकडे काही वेळच टिकतो.

सर्किट

मुलुंडकर, यावर उपाय आहे आणि तो स्टॅबिलायझर नाही. डीबीत (घरच्या वितरण बोर्डात) एमसीबीशेजारी (आपोआप पडणाऱ्या खटक्याशेजारी) बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर मिळतो. २७०च्या आसपास वर गेलं किंवा १७०च्या खाली आलं की पूर्ण घराची लाइन तोडतो, आणि लाइन ठीक झाली की थोडं थांबून परत जोडतो. तो व्होल्टेज सुधारत नाही, फक्त तोडतो. मुंबईत मला तेच जास्त उपयोगाचं वाटतं.

वीज नियामक आयोगाच्या नियमांप्रमाणे आपल्यासारख्या कमी दाबाच्या ग्राहकाला अधिक-उणे ६ टक्क्यांत वीज मिळायला हवी. २३० धरलं तर २१६ ते २४४. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा, मुलुंड-भांडुपकडे महावितरण, पण नियम तोच. माझ्या अनुभवात मुंबईत बहुतेक वेळा लाइन या टप्प्यात असते. गडबड होते ती मीटरच्या अलीकडे-पलीकडे, जोडांमध्ये.

अबोली

काका, तुमचं वाचून काल संध्याकाळीच व्होल्टमीटर आणला आणि एसी बंदच ठेवला होता. आज सकाळी आणि आत्ता रात्री फक्त आकड्यांपुरता लावला.

सकाळी आठला एसी बंद २२९, चालू २११.
रात्री साडेदहाला बंद २२५, चालू २०६. सुरू होताना आकडा झरकन खाली गेला, एकदा १५८ दिसला आणि वर आला. त्या वेळी कॉम्प्रेसर उठला नाही.

शेजारच्या काकूंना त्यांच्या ट्यूबकडे बघत उभं केलं. मी इकडून ओरडले "लावतेय!" आणि त्या तिकडून "काही नाही गं, जशीच्या तशी!" तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

मीटर तळमजल्यावर जिन्याखाली आहे. बाबा म्हणतात वायर त्यांच्या लग्नानंतर टाकलेली, अ‍ॅल्युमिनियमचीच.

तारकाका

शाब्बास. आता सगळं स्वच्छ झालं.

बंद असताना २२५ आहे, म्हणजे येणारी लाइन उत्तम. १९ व्होल्ट तुमच्या मीटरपासून बोर्डापर्यंत पडतात. तिसरा मजला म्हणजे वायर अंदाजे ३५ मीटर, जाऊन-येऊन ७०. अडीच चौरस मिलीमीटरची अ‍ॅल्युमिनियम असेल तर तिचा स्वतःचा अडथळा ०.८५ ओहमच्या आसपास, म्हणजे ८ अँपिअरला ७ व्होल्ट. मग उरलेले १२ कुठे गेले? जोडात गेले. शंभराच्या आसपास वॅट, जोडात. उद्याच परवानाधारक वायरमन बोलाव. आधी खालचा मेन बंद करायला सांग, मग किटकॅट बाहेर काढून बघू दे. मीटरचं सील असलेल्या बाजूला त्याने हात लावायचा नाही, ते काम वीजकंपनीचं.

बदलायचीच तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही ४ चौरस मिलीमीटर तांब्याच्या टाका. भिंत फोडायची गरज नाही, जिन्याच्या कडेने पीव्हीसी पट्टी किंवा पाइपातून नेता येते. अर्थिंगची वायर सोबत न्यायला विसरू नका, जुन्या चाळीत ती बहुतेकदा नसतेच. किटकॅटच्या जागी एमसीबी, आणि प्रत्येक टोकाला लग (धातूची टोपी) दाबून. पिळून टेप मारलेला जोड नको.

रानमेवा

मधेच विचारते, माफ करा. आमचं गाव राजापूर तालुक्यात, लाइनवरचं शेवटचं घर. मे महिन्यात आम्ही सगळे मुंबईहून तिकडे. संध्याकाळी पंप सुरू झाले की दिवे लालसर होतात. मागच्या वर्षी मीटर लावला तर १४८ दाखवत होता, रात्री बारानंतर २३५. घरात काहीही चालू नसताना हे आकडे. फ्रिजला काय घ्यावं? मुंबईतला जुना १७०-२७०वाला डबा नेऊ का?

तारकाका

ताई, तुमचं दुखणं अबोलीच्या बरोबर उलट आहे. घरात काही चालू नसताना १४८, म्हणजे लाइनच कमी. तिथे स्टॅबिलायझर हवाच. मुंबईतला डबा नेऊ नका, १४८ला तो फ्रिज बंद करून बसेल आणि दूध नासेल. फ्रिजसाठी अर्ध्या केव्हीएचा, पण खालची मर्यादा १०० किंवा त्याखालची असलेला घ्या. आकड्याने सांगायचं तर फ्रिज एक अँपिअर घेतो, १४८च्या लाइनमधून दीडच्या वर ओढेल, म्हणजे भार काहीच नाही. फ्रिजला क्षमता फारशी लागत नाही, पल्ला लागतो. आणि रात्री बारानंतर लाइन चढते, म्हणून वरचा कट-ऑफ (लाइन फार चढली की तोडणारा) असलेलाच घ्या.

पंपाला मात्र घरगुती डबा लावू नका, तो हिशेब वेगळा आहे. आणि गावातले सगळे मिळून महावितरणला लेखी अर्ज द्या, वेळ आणि आकडे लिहून. ट्रान्सफॉर्मर बदलायचा किंवा जवळ आणायचा तो त्यांनीच.

रानमेवा

खूप आभार काका. आकड्यांचा तक्ता या सुट्टीत करते, दोन आठवडे रोज तीन वेळा.

गच्चीवरची तुळस

इन्व्हर्टर एसीवर "स्टॅबिलायझर फ्री" लिहिलेलं असतं, त्यात स्टॅबिलायझर आत बसवलेला असतो का? दुकानात तसं सांगितलं.

सर्किट

नाही. आत ट्रान्सफॉर्मर वगैरे काही नसतं. इन्व्हर्टर एसी लाइनचा आधी डीसी करतो आणि मग कॉम्प्रेसर फिरवतो, त्यामुळे त्याला रुंद पल्ला आपसूक मिळतो. माहितीपत्रकात १४५ ते २९० असं काहीतरी छापलेलं असतं, ते वाचा. त्या टप्प्याबाहेर गेलं की बहुतेक एसी स्वतःला बंद करतो. तो हळूहळू वेग घेतो, म्हणून उठतानाचा झटकाही नाही. अबोलीच्या एसीसारखी घूं घूं त्यात होत नाही. मात्र त्याचं कार्ड महाग असतं आणि अचानक चढलेल्या लाइनला घाबरतं. म्हणून मी इन्व्हर्टर एसीवाल्यांना स्टॅबिलायझरऐवजी डीबीत प्रोटेक्टर आणि सर्ज (व्होल्टेजची क्षणिक उसळी) संरक्षण सांगतो. ज्यांच्याकडे आकडे खरोखर पत्रकाबाहेर जातात त्यांनी डबा घ्यावा.

उपनगरी

मग मोठा घेतला तर बिघडतं का? ४च्या जागी ५ केव्हीए?

सर्किट

बिघडत नाही. पैसे जास्त, वजन जास्त, भिंतीवर खिळा मजबूत हवा, आणि रिकामा असतानाही तो थोडी वीज खातो. लहान घेतला तर बिघडतं. यंत्राच्या पाटीवरचे अँपिअर, तुमच्याकडच्या सगळ्यात खालच्या व्होल्टेजच्या हिशेबाने वाढवायचे, वर पाव हिस्सा मोकळा ठेवायचा, बास.

तारकाका

आणि सगळ्या घराला १० केव्हीए सांगणाऱ्या दुकानदाराबद्दल. गीझर, इस्त्री, पंखा, मिक्सर यांना स्टॅबिलायझर लागत नाही. २००० वॅटचा गीझर २०० व्होल्टला १५०० वॅटचा होतो, पाणी चार मिनिटं उशिरा तापतं, कुणाचं नुकसान नाही. मेनलाइन डब्यातून हा सगळा फुकटचा भार जातो, म्हणून तो एवढा मोठा लागतो. आणि त्यातला एक रिले चिकटला की अख्खं घर अंधारात. बायपास स्विच नसेल तर वायरमन येईपर्यंत मेणबत्ती. चाळीतल्या दोन खोल्यांना ते नको.

आमच्या लहानपणीची सवय आहे ही. १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, पुढे घरोघरी टीव्ही आले, आणि टीव्हीसोबत स्टॅबिलायझर घ्यायचाच अशी रीत पडली. तेव्हा ती बरोबर होती, लाइन पडली की चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं. कुणाकुणाकडे हाताने खटका फिरवायचा डबा असायचा, घरातलं पोर त्याच्यापाशी बसवलेलं. टीव्ही बदलले, रीत राहिली.

अबोली

चार दिवसांनी लिहिते आहे.

वायरमन दादा शनिवारी आले. मेन बंद करून किटकॅट ओढला तर तो निघेचना, पकडीने हलवून काढावा लागला. पांढरं पोर्सिलीन एका बाजूला कोळशासारखं काळं, आणि पितळी पत्ती निळी-जांभळी पडलेली. त्याच्यामागची वायर बोटाने वाकवली तर वरचं आवरण तुकड्यांनी गळून हातात आलं. मागच्या लाकडी फळीवर रुपयाएवढा तपकिरी डाग होता. बाबा जिन्यात उभे राहून बघत होते. काही बोलले नाहीत, फक्त फळीवर हात फिरवला. त्या जिन्याखाली चाळीतल्या सगळ्यांचे मीटर आहेत, काका.

दादांनी ४ चौरस मिलीमीटरची नवी जोडी टाकली, अर्थिंगची वायर सोबत, किटकॅटच्या जागी एमसीबी. फळीच्या जागी आता न जळणारा पत्रा आहे. शेजारच्या काकूंनीही त्यांचा किटकॅट काढून बघायला लावला. त्यांचा ठीक होता, पण पत्ती सैल होती, ती घट्ट केली.

काल रात्री पावणेअकराला: एसी बंद २२५, चालू २२२. सुरू होताना सगळ्यात खाली २०१ दिसला. ट्यूब हलली, पण बघत असलं तरच कळेल इतकी. कॉम्प्रेसर चार दिवसांत एकदाही अडला नाही.

आता तरी एसीला स्टॅबिलायझर घ्यायचा का? आणि फ्रिजला?

तारकाका

वाचून बरं वाटलं. २२५वरून २२२, म्हणजे वायर जेवढी खाणार तेवढंच खाते, जोडात आता काही नाही.

फ्रिजला गरज नाही. एसीला व्होल्टेजसाठी नको, पण एका दुसऱ्या कारणासाठी घे म्हणेन. तुमचा जुना विंडो आहे, खटक्याचा. लाइट जाऊन लगेच आली तर कॉम्प्रेसर गॅसच्या दाबाविरुद्ध उठायला बघतो आणि अडकतो. स्टॅबिलायझरमध्ये तीन मिनिटांचा टाइम डिले असतो, तेवढ्यात दाब समसमान होतो. १७० ते २७०वाला साधा, १५ अँपिअरचा, तांब्याच्या वाइंडिंगचा आणि वरचा कट-ऑफ असलेला. १३०वाल्याचे जादा पैसे देऊ नकोस, तुमच्याकडे १३० कधी येणार नाही. भिंतीवर, पाणी गळणार नाही अशा जागी, हवा खेळती राहील असा लाव. वर कापड टाकू नका, आई टाकतील.

अबोली

आईने कापड काढून ठेवलंच होतं, विणलेलं, वाचून दाखवलं तेव्हा परत कपाटात गेलं.

शनिवारी लोहार चाळीत जाते, १५ अँपिअर लेबलवर बघूनच घेईन. बाबा काल साडेअकराला झोपले ते सकाळी सहाला उठले. गॅलरीतली खुर्ची आत आणली आहे.

रानमेवा

राजापूरचा पहिला आकडा: आज संध्याकाळी सात वाजता, १५१.